रंग वाळला, पण पिकला का?

मागच्या आषाढात कूलरच्या लोखंडी स्टँडला स्प्रे मारला. बोट लावून पाहिलं, वाळलेला. दुसऱ्याच दिवशी त्यावर लाकडी फळी टाकून कुंड्या मांडल्या. आठवड्याने फळी उचलली, तर रंग पापुद्र्यासारखा फळीला चिकटून आला आणि खाली उघडं लोखंड. अढीतला आंबा वरून पिवळा आणि आत कच्चा निघावा, तसली ही गत.

डब्यावर लिहिलेली ‘वीस-तीस मिनिटं’ ही फक्त हाताला न लागण्याची वेळ. त्यात थिनर वरवर उडून जातो. साधा इनॅमल त्यापुढे हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश कडक होतो. त्याला आठवडा द्यावा, पावसाळ्यात दोन. थर जाड बसला तर वर साय धरते आणि आतला रंग मऊच राहतो.

खर्चाचा हिशोब

दोन फूट लांब-रुंद-उंच, एक इंची अँगलचा स्टँड धरा. पाय आणि वरची-खालची चौकट मिळून 24 फूट अँगल, म्हणजे रंगवायला जेमतेम 8 चौरस फूट. पण अँगल अरुंद, त्यामुळे बराचसा फवारा हवेतच जातो. म्हणून रंगाचे दोन डबे धरावेत. किरकोळ भाव अंदाजे असे:

- 400 मिलीचे रंगाचे दोन डबे: 500 रुपये
- प्रायमरचा एक डबा: 250
- तारेचा ब्रश: 50
- पॉलिश पेपर, चार: 80
- थिनर, अर्धा लिटर: 80

एकूण 960 रुपये. हेच काम रेड ऑक्साइड आणि इनॅमल आणून ब्रशने केलं तर पाचशे-सहाशेत भागतं. म्हणजे स्प्रेचे जास्तीचे पैसे गुळगुळीतपणाचे आहेत, टिकाऊपणाचे नाहीत.

कडक होण्यासाठी काय करावं

गंज तारेच्या ब्रशने काढा, 120 आणि मग 220 नंबरच्या पेपरने घासा. थिनरच्या फडक्याने पुसल्यावर उघड्या हाताने धरू नका. बोटांचं तेल प्रायमरला धरू देत नाही. कूलरची बॉडी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची असेल, तर तिला जस्ताच्या पत्र्यासाठीचाच प्रायमर मागा. नुसता इनॅमल जस्तावरून पुढे सोलून निघतो.

डबा दोन मिनिटं हलवा. फूटभर अंतरावरून पातळ हात मारा. पहिल्या हातात खालचं थोडं दिसलं तरी चालतं. दुसरा हात डब्यावर सांगितलेल्या वेळेतच. बहुतेक इनॅमलना तो तासाभराच्या आत चालतो. ती वेळ टळली तर एक-दोन दिवस थांबा, नाहीतर खालचा अर्धाकच्चा थर सुरकुततो.

आपल्याकडची कोरडी हवा रंगाला मानवते, पण मे महिन्यातली दुपार नाही. तापलेल्या लोखंडावर फवारा पोचेपर्यंतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. सकाळी सावलीत मारा, दुसऱ्या दिवसापासून उन्हात ठेवा. पावसाळी संध्याकाळी मारलेल्या रंगावर पांढुरकी झाक येते. डबा मात्र उन्हात किंवा शेगडीजवळ नको, तो फुटतो. रंगवलेली वस्तू स्वयंपाकाच्या ओव्हनमध्येही घालू नका.

वापरायला काढण्याआधी आतल्या बाजूला नख दाबून पाहा. खूण उमटली किंवा थिनरचा वास आला, तर अजून थांबा.

थांबायला वेळ नसेल तर

आपल्या शहरात यावर सोय आहे. 1985पासून शहराजवळच्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आहे. त्याच्याभोवती सुट्या भागांचे कारखाने वाढले, आणि त्यांची कामं करणारे पावडर कोटिंगवालेही. कोरडी पावडर विजेच्या भाराने लोखंडावर चिकटवतात, मग 180 ते 200 अंशांच्या भट्टीत दहा-वीस मिनिटं भाजतात. वस्तू थंड झाली की वापरायला तयार. दर बहुधा चौरस फुटावर किंवा किलोवर ठरतो. 25 रुपये फूट धरला तरी 8 फुटांचे 200च होतात. पण एकाच नगासाठी किमान शुल्क वेगळं पडतं, वर टेम्पोचं भाडं. म्हणून शेजाऱ्यांच्या खुर्च्या, ग्रिल एकत्र न्या. गंज काढणं दरात धरलंय का, हे आधी विचारा. रबर आणि प्लास्टिकचे भाग काढून द्या.

दुसरी वाट गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याची. तो हार्डनर मिसळून पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारतो. हा रंग साध्या स्प्रेपेक्षा खूपच कडक होतो. पण हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असतं आणि साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. हे काम घरच्या गॅलरीत नको.

माझा स्टँड पुन्हा घासून रंगवला तेव्हा खर्च दुप्पट झाला होता. या वेळी तो आठ दिवस गच्चीवर रिकामाच ठेवला. त्या आठ दिवसांचे पैसे मात्र कुणी घेतले नाहीत.