मुक्या माराचं वय

चि. ऋतुजा हिस,


एम.डी.ला न्यायवैद्यकशास्त्र मिळालं म्हणून घरात थोडी नाराजी आहे, असं तुझी आई फोनवर म्हणाली. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही, तू सरळ प्रबंधाच्या विषयाबद्दल विचारलंस. मला बरं वाटलं.

तुझ्या यादीतला पहिला विषय, म्हणजे वर्षभरातल्या शवविच्छेदनांचा आढावा, सोडून दे. रजिस्टरमधून आकडे उतरवायचे, वय-लिंग-कारण यांची टक्केवारी काढायची, असे प्रबंध प्रत्येक कॉलेजच्या ग्रंथालयात कपाट भरून पडलेत. त्यातून ना विभागाला काही मिळतं, ना कोर्टाला. तिसरा विषय घे: मुक्या माराचा डाग किती जुना आहे, हे रंगावरून सांगता येतं का.

पाठ्यपुस्तकातला तक्ता तुला तोंडपाठ असेल. आधी लाल, मग निळा, चौथ्या दिवसाच्या सुमारास निळसर-काळा ते तपकिरी, पाच-सहा दिवसांनी हिरवट, आठवड्यानंतर पिवळा, दोन आठवड्यांत कातडी पूर्ववत. परीक्षेत तो लिहावाच लागतो. पण माणसाचं शरीर इतकं शिस्तीत चालत नाही. १९९१ साली लँग्लॉइस आणि ग्रेशम यांनी अशा डागांचे फोटो नीट अभ्यासले, तेव्हा ठामपणे सांगण्यासारखी एकच गोष्ट हाती लागली: डागात पिवळा रंग दिसत असेल तर तो अठरा तासांच्या आतला नाही. पिवळा दिसत नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. पुढच्या अभ्यासांतून असंही दिसलं की पिवळा रंग ओळखण्याची क्षमता माणसागणिक वेगळी असते आणि वयाबरोबर ती कमी होत जाते. म्हणजे एकाच रुग्णाच्या एकाच डागावर तुझं आणि तुझ्या सरांचं मत वेगळं पडू शकतं, आणि दोघंही प्रामाणिक असू शकता.

त्यात हे काम बहुतेक गोऱ्या कातडीवर झालेलं आहे. आपल्याकडे शेतात राबणाऱ्या, उन्हाने रापलेल्या बाईच्या दंडावरचा डाग लाल कधी होता आणि निळा कधी झाला, हे दिसतच नाही. हात लावल्यावर दुखतं, थोडी सूज लागते, एवढंच. ४१५ नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशात पिवळ्या फिल्टरमधून पाहिलं तर साध्या उजेडात न दिसणारे डाग दिसू लागतात, असं अलीकडच्या संशोधनात आढळलं आहे. त्याने डाग सापडतो, वय कळत नाही. ती जागा मोकळी आहे, आणि तिथे तुझ्यासारखीने काम करावं असं मला मनापासून वाटतं.

यावर माणसांचं आयुष्य अडकलेलं असतं. सासरी मार खाल्लेली बाई तिसऱ्या दिवशी भावाला घेऊन कॅज्युअल्टीत येते. इजा प्रमाणपत्रात जखमेच्या वयाचा रकाना असतो. पोलीस शिपाई बाजूला उभा, मागे रांग लागलेली, ड्यूटीवरचा डॉक्टर सवयीने ‘चोवीस तासांच्या आत’ लिहून मोकळा होतो. काही वर्षांनी साक्ष होते तेव्हा बचावाचा वकील तेवढी एक ओळ वाचून दाखवतो: तेव्हा तर ही माहेरी होती! डॉक्टरने खोटं काही लिहिलेलं नसतं. ठाऊक नसलेलं लिहिलेलं असतं.

तू तपासशील तेव्हा घाई करू नकोस. रुग्णाला खिडकीशी, दिवसाच्या उजेडात बस म्हणावं. हिरव्या पडद्याआडच्या ट्यूबलाइटखाली रंगावर विश्वास ठेवू नये. फोटोत मोजपट्टी आणि रंगपट्टी दोन्ही हव्यात. खोलवरचा मार लगेच वर येत नाही, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत बोलाव. कपाळावर बसलेल्या माराचं रक्त खाली उतरून डोळ्याभोवती दिसतं, तेव्हा डाग जिथे आहे तिथेच फटका बसला असं गृहीत धरू नकोस. मृतदेहावर शंका आली तर काप घेऊन पाहा: मुक्या माराचं रक्त ऊतींत मुरलेलं असतं, पाण्याने धुऊन जात नाही, मरणोत्तर लालीचं रक्त वाहिन्यांतच असतं, ते धुतलं जातं.

हा फरक किती महागात पडतो ते कॅनडातल्या ओंटारिओने पाहिलं आहे. चार्ल्स स्मिथ हे तिथलं बालशवविच्छेदनातलं मोठं नाव, पण न्यायवैद्यकाचं रीतसर प्रशिक्षण नव्हतं. मरणोत्तर बदलांना त्यांनी इजा ठरवल्यामुळे एक निरपराध माणूस बारा वर्षं तुरुंगात राहिला. १९९७ मध्ये एका मुलीच्या अंगावरच्या कुत्र्याच्या चाव्यांना त्यांनी भोसकल्याच्या जखमा म्हटलं आणि तिच्या आईवर खुनाचा आरोप आला. पुढे त्यांची ४५ प्रकरणं तपासली, त्यांपैकी २० मध्ये गंभीर शंका निघाल्या. न्यायमूर्ती गाउज यांचा २००८ चा अहवाल मिळवून वाच. मोदींच्या न्यायवैद्यकावरच्या ग्रंथाइतकाच तो जवळ ठेवण्यासारखा आहे.

तुझ्या गाइडचा कल विषशास्त्राकडे असला तर तिकडेही हाच प्रश्न घेऊन जा. मेल्यानंतर औषधं जागची हलतात. अमिट्रिप्टिलिन किंवा डिगॉक्सिन यकृत-हृदयातून आसपासच्या रक्तात उतरतं आणि हृदयातल्या रक्तात आकडा फुगतो. म्हणून नमुना मांडीच्या शिरेतून घ्यायचा, आणि कुठून घेतला ते बाटलीवर लिहायचं. कुजू लागलेल्या देहात जंतूच अल्कोहोल तयार करतात. विदर्भातल्या मे महिन्यात शवागाराचं कूलिंग बंद असेल तर फ्लोराइड न घातलेल्या नमुन्यावरून ‘दारू प्यायला होता’ म्हणणं अन्याय ठरेल. २०१७ साली यवतमाळला फवारणी करणारे शेतमजूर दगावले, तेव्हापासून कीटकनाशकांवर आपल्याकडे कितीतरी काम व्हायला हवं होतं. पण त्याला प्रयोगशाळेचं सहकार्य लागतं, आणि रासायनिक विश्लेषकाच्या (सी.ए.) रिपोर्टची वाट बघण्यात तुझी तीन वर्षं निघून जातील. मुक्या माराच्या अभ्यासाला कॅमेरा, चांगला उजेड आणि चिकाटी पुरते.

मार कधी लागला ते पक्कं माहीत आहे असेच रुग्ण घे; अपघाताचे, पडझडीचे, ज्यांना खोटं सांगायचं कारण नाही असे. रंग सांगणाऱ्याला वेळ माहीत नसावी. निष्कर्ष ‘सांगता येत नाही’ असा निघाला तरी तसाच छाप. कोर्टाला तोही हवा आहे.

संमतीपत्र मराठीत लिही, वाचता न येणाऱ्या बाईला वाचून दाखवल्यावर कळेल असं. तिचा चेहरा फोटोत येऊ देऊ नकोस, आणि एकही फोटो कुणाच्या मोबाइलवर राहू देऊ नकोस. सिनॉप्सिसचा खर्डा तयार झाला की एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी मला पाठव.

तुझी,
आत्या