तळ्यांतील एकपेशी जीव व त्यांचें अन्न

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां तळ्याखालील जमीन आम्हीं किती वेळां 'पोटखराब' म्हणून लिहिली असेल, त्याची गणती नाहीं. त्या पाण्याच्या एकेका थेंबांत केवढी उलाढाल चालते, हें पेन्शन घेतल्यावर कळलें. तेंही नुकसान सोसून. आमच्या शेततळ्यांतील कटला व रोहू जातीचे मासे एके दिवशीं पहांटे मरून तरंगतांना दिसले. कारण शोधूं लागलों, तों त्याचा माग सूक्ष्म जीवांच्या अन्नापर्यंत पोंचला.

ह्या जीवांचें सर्व शरीर म्हणजे एकच पेशी. पोट, आंतडीं, हातपाय असे निराळे अवयव त्यांस नाहींत. हॉलंडांतील डेल्फ्ट येथील कापडाचा व्यापारी लेव्हेनहोक यानें स्वतः घांसलेल्या भिंगांतून सरोवराचें पाणी पाहून सन १६७४ मध्यें अशा जीवांचें वर्णन लिहून ठेविलें. त्यांच्या अन्न मिळविण्याच्या मुख्य रीती तीन आहेत.

पहिली रीत आपल्या पिकांसारखी. युग्लीना नामक जीवांत हरितद्रव्य असतें. सूर्यप्रकाशांत पाणी व कर्बवायु यांपासून तो आपलें अन्न स्वतः तयार करितो. पुढच्या टोंकास असलेल्या चाबकासारख्या तंतूनें तो उजेडाकडे पोहत जातो. अंधारांत ठेविला तर पाण्यांत विरघळलेलीं सेंद्रिय द्रव्यें शोषून कांहीं काळ तगतो.

दुसरी रीत वेढा घालण्याची. अमीबा यास ठराविक आकार नाहीं. शरीराचा भाग पायासारखा पुढें ढकलून तो सरकतो. भक्ष्य सांपडतांच त्यास सर्व बाजूंनीं वेढून थोड्या पाण्यासह आंत घेतो. ती पोकळी हेंच त्याचें तात्पुरतें पोट. तींत पाचक रस उतरतात, पचलेला अंश शरीरांत मुरतो आणि चोथा मागें टाकून अमीबा पुढें निघतो.

तिसरी रीत ओढून घेण्याची. पॅरामीशियम हा चपलेच्या तळव्यासारखा दिसतो. लांबी सुमारें पाव मिलिमीटर. अंगभर असलेले बारीक केंस तो वल्ह्यांप्रमाणें हालवितो. एका बाजूच्या खांचेंतील केंसांमुळें पाण्याचा ओघ तोंडाकडे वाहतो व त्यासरशीं सूक्ष्मजंतु आंत जातात. चोथा मात्र एका ठराविक जागेंतूनच बाहेर पडतो.

वाचकांनीं घरींच प्रयोग करून पाहावा. वाळलें गवत पाण्यांत उकळून तें पाणी निववावें, त्यांत थोडें तळ्याचें पाणी घालून कांचेच्या भांड्यांत सावलींत ठेवावें. आठदहा दिवसांनीं काळ्या कापडापुढें धरल्यास पांढरे ठिपके हालतांना बहुधा दिसतात. साध्या भिंगानें ते अधिक स्पष्ट दिसतील.

आतां आमची चूक सांगतों. कुजणारें द्रव्य सूक्ष्मजंतु खातात, सूक्ष्मजंतूंस पॅरामीशियम, त्यास पाण्यांतील बारीक किडे आणि किड्यांस माशांचीं पिल्लें खातात. एवढें ऐकून, खाद्य वाढेल ह्या आशेनें, आम्हीं गोठा धुतलेलें सर्व पाणी महिनाभर तळ्यांत सोडलें. परिणामीं सूक्ष्मजंतु बेसुमार वाढले व हिरवे जीव मातले. हिरवे जीव दिवसां प्राणवायु सोडतात खरे, परंतु रात्रीं तेही इतरांप्रमाणें प्राणवायु घेतातच. म्हणून अशा तळ्यांत पहांटे प्राणवायु सर्वांत कमी होतो. दोन दिवस आधीं मासे पृष्ठभागीं तोंडें उघडून येत होते. आम्हांस तो खेळ वाटला. वस्तुतः ते गुदमरत होते.

यास्तव शेततळें बाळगणाऱ्या बंधूंनीं हें ध्यानांत ठेवावें. हात कोंपरापर्यंत पाण्यांत बुडवावा. पाणी हिरवें असून तळवा दिसेनासा झाला, तर शेण घालणें बंद करावें. मासे पहांटे वर येऊं लागल्यास ताजें पाणी सोडावें, किंवा पंपानें तळ्याचेंच पाणी उंचावरून त्यांत पाडावें, म्हणजे हवा मिसळते.

गोठ्याचें पाणी आम्ही आतां खताच्या खड्ड्यांत सोडतों. तें खत शेतांत पडलें म्हणजे तेथेंही हाच व्यवहार चालतो. मातीच्या ओलाव्यांतील एकपेशी जीव सूक्ष्मजंतूंस खातात आणि त्यांस नको असलेलें नत्र अमोनियाच्या रूपानें बाहेर टाकतात. तें पिकाच्या मुळांस मिळतें. जें तळ्यांत अति झाल्यानें आमचे मासे मेले, तेंच शेतांत बेतानें घातलें असतां पिकाच्या उपयोगी पडतें.