लॅब विकली, मग कोपऱ्यातलं मशीन कुणाचं?

प्रश्न : भोसरीच्या एका वाचकांचा चहा-कॉफीच्या व्हेंडिंग मशीनचा धंदा आहे. मशीन त्यांचं, जागा आणि वीज समोरच्याची. भाडं कुणी कुणाला द्यायचं नाही, फक्त प्रीमिक्स यांच्याकडूनच घ्यायचं आणि सुरुवातीला 10 हजार रुपये डिपॉझिट भरायचं. यंदा त्यांच्या तीन ठिकाणी मालक बदलले. एका डॉक्टरांनी आपली पॅथॉलॉजी लॅब सामानासकट विकली; नवे मालक म्हणतात, मशीन आमच्या खरेदीत आलं. चाकणच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कारखान्याचे सगळे शेअर दुसऱ्या कुटुंबाने घेतले. नवे संचालक म्हणतात, जुना करार आम्हाला लागू नाही. तिसरं कापडाचं दुकान दोन भावांच्या भागीदारीत होतं. धाकटा बाहेर पडला आणि त्याआधीच्या चार महिन्यांची प्रीमिक्सची उधारी दोघे एकमेकांवर ढकलताहेत. करार तिन्हीकडे एकाच नमुन्याचा आहे, तेव्हा उत्तरही एकच असेल ना, असं त्यांनी विचारलं आहे.

उत्तर : नाही. ‘मालक बदलला’ हे बोलण्यापुरतं ठीक आहे. नेमकं काय विकलं गेलं, हे कायदा आधी विचारतो; आणि ते तिन्हीकडे वेगळं आहे.

कारखान्याचं प्रकरण सर्वांत सोपं. तिथे करारावर सही संचालकाची असली तरी करार कंपनीशी झाला आहे, आणि कंपनी जागची हललेली नाही. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे बाचा गझदर यांचा खटला आला होता, योगायोगाने तोही चहाचाच. चहा कंपन्यांच्या उत्पन्नातला 60 टक्के भाग शेतीउत्पन्न धरला जातो. म्हणून आपल्याला मिळालेल्या लाभांशातलाही तेवढा भाग शेतीउत्पन्न मानून करमुक्त करावा, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. भागधारक कंपनीच्या मळ्याचा मालक नसतो, कंपनी वेगळी आणि भागधारक वेगळा, असा तो निकाल. तोच न्याय चाकणला. शेअर कुणाच्याही हाती जावोत, करार चालू आहे. नोटीस देऊन करार संपवण्याचं कलम असेल तर कंपनी ते जरूर वापरू शकते. पण हे बंधन दुहेरी आहे. नवे लोक आले म्हणून वाचकांनाही प्रीमिक्सचा दर मनाने वाढवता येणार नाही.

लॅबचा गुंता मोठा आहे, कारण तिथे मशीन आणि जागा हे दोन निराळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत.

आधी मशीन. मालविक्री कायदा, 1930 चं कलम 27 सांगतं की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. मशीन डॉक्टरांचं नव्हतंच, त्यामुळे सामानाच्या यादीत त्याचं नाव आलं तरी मालकी वाचकांचीच राहते. मात्र याच कलमाला एक फट आहे. विकणाऱ्याला विकायचा अधिकार आहे असा समज खऱ्या मालकाने स्वतःच्या वागण्याने होऊ दिला असेल, तर त्याला नंतर तक्रार करता येत नाही. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून मशीनवर त्याच्याच लॅबचं नाव रंगवून देणारे पुरवठादार कमी नाहीत. वाचकांनी तसं केलं असेल तर समोरचा वकील नेमकं तेच दाखवेल. मशीनखरेदीचं बिल, करारात लिहिलेला सिरियल नंबर आणि डिलिव्हरी चलान ही त्यावरची उत्तरं.

आता जागा. लॅबच्या कोपऱ्यात मशीन ठेवू देणं म्हणजे भाडेपट्टा नव्हे, नुसती परवानगी. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलात केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्या कपूर यांच्या बाबतीत 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलटं ठरवलं होतं. कागदावर परवाना लिहिलं असूनही तो भाडेपट्टा मानला, कारण त्या खोल्यांचा ताबा त्यांच्या एकट्याकडे होता. चहाच्या मशीनला असा ताबा कुठला? लॅबची किल्ली लॅबकडे, आणि झाडू मारताना मशीन इकडचं तिकडे सरकवणारेही लॅबचेच. परवानगी देणाऱ्याने जागा दुसऱ्याला दिली तर ती परवानगी नव्या मालकाला बांधत नाही, असं सुविधाधिकार कायदा, 1882 चं कलम 59 म्हणतं. म्हणजे नवे मालक ‘मशीन उचला’ म्हणू शकतात, ‘मशीन आमचं’ म्हणू शकत नाहीत. उचलायलाही वाजवी मुदत मिळते. ती तरतूद कलम 63 मध्ये आहे. करार ठरावीक वर्षांचा असेल आणि मध्येच मोडला असेल, तर भरपाई डॉक्टरांकडे मागायची. करार त्यांच्याशी होता.

टेम्पो घेऊन रात्री परस्पर मशीन काढून आणण्याचा सल्ला वाचकांना कुणीतरी दिला आहे. तो मुळीच ऐकू नये. हक्काच्या वस्तूपायी फौजदारी अंगावर यायची. लेखी मागणी करावी. ठेवायला दिलेली वस्तू ज्याच्याकडे ठेवली त्याने विकली, तर ती घेणाऱ्याकडून परत मिळवण्याच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत, विक्री कळली त्या तारखेपासून मोजतात.

डिपॉझिटचं मात्र वाचक उलटं समजून बसले आहेत. मशीन परत आलं की 10 हजार नव्या मालकांना द्यायचे, असं त्यांनी लिहिलं आहे. पैसे डॉक्टरांनी भरले, ते डॉक्टरांनाच परत जातात. डॉक्टरांनी तो हक्क नव्या मालकांना स्वतःच्या सहीच्या लेखाने दिला असेल तरच गोष्ट वेगळी. नुसत्या फोनवर विसंबून रक्कम दिली तर ती दोनदा भरावी लागेल.

राहिलं कापड दुकान. भागीदारी कायदा, 1932 च्या कलम 25 प्रमाणे भागीदार असतानाच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकटाही जबाबदार असतो. चार महिन्यांची सगळी उधारी वाचक दोघांपैकी कुणाकडेही मागू शकतात; भावाभावांत काय ठरलं ते त्यांच्या घरात. पण कलम 32 जपून वाचायला हवं. धाकटा बाहेर पडल्याचं ठाऊक असताना, त्याला सोडून उरलेल्या पेढीकडूनच येणं घ्यायचं वाचकांनी मान्य केलं, तर तो सुटतो. आणि ही मान्यता नंतरच्या व्यवहारावरूनही काढता येते. म्हणून जुनी बाकी थोरल्याच्या नव्या बिलात ओढून घेऊ नये. नव्या मालासाठी वहीत नवं पान, जुन्या बाकीची मागणी दोघांच्या नावे.

लॅबचे नवे मालक मशीन ठेवायला तयार असतील तर डॉक्टर, नवे मालक आणि वाचक अशा तिघांच्या सह्यांचा नवा करार हाच चांगला मार्ग. त्यात ताबा बदलला त्या दिवशीचं कप-काउंटरचं रीडिंग आणि शिल्लक प्रीमिक्सची पाकिटं मोजून लिहावीत, म्हणजे त्या आकड्याआधीचं बिल डॉक्टरांचं आणि नंतरचं नव्या मालकांचं ठरेल. ते तयार नसतील तर आधी सिरियल नंबरच्या पट्टीचा फोटो काढावा आणि मग मागणीपत्र स्पीड पोस्टाने पाठवावं.