लॅपटॉपचे आयुष्य : खतावणीतले आणि कोलकात्याच्या हवेतले

कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे मानले आहे. सर्व्हर व नेटवर्क यांना सहा वर्षे दिली आहेत. बँकाही आपल्या पुस्तकांत संगणकाचे मूल्य सरळ रेषा पद्धतीने दरवर्षी ३३.३३ टक्क्यांनी कमी करतात, म्हणजे हिशेब तोच. आयकरासाठी संगणकावरील घसाऱ्याचा दर पूर्वी ६० टक्के होता, तो आर्थिक वर्ष २०१७-१८ पासून ४० टक्क्यांवर आला. हे सर्व दर एका गृहीतावर उभे आहेत : यंत्र देशात कोठेही ठेवले तरी ते सारखेच झिजते. पुण्यातील लॅपटॉप आणि कोलकात्यातील लॅपटॉप यांचा घसारा खतावणीत एकच दिसतो. हवेला मात्र खतावणी वाचता येत नाही.

ही केवळ लेखाशास्त्रातील गंमत नव्हे. करसल्लागार, शिकवणी घेणारा शिक्षक, अभियांत्रिकीचा विद्यार्थी असे अनेक ग्राहक कर्ज काढून लॅपटॉप घेतात. हप्ते छत्तीस असतील आणि यंत्र अठराव्या महिन्यात बंद पडले, तर उरलेले अठरा हप्ते बंद यंत्रासाठी भरावे लागतात. शिवाय ते बंद पडते तेव्हा बहुधा विवरणपत्राची मुदत संपत आलेली असते किंवा परीक्षा जवळ आलेली असते. म्हणून लॅपटॉप का बिघडतो हे तंत्रज्ञाइतकेच कर्जदारानेही समजून घ्यावे, आणि त्यासाठी कोलकात्यासारखी पाठशाळा नाही.

कोलकात्याच्या हवेशी संगणकाची गाठ फार पूर्वी पडली. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५-५६ च्या सुमारास ‘एचईसी-२एम’ हे ब्रिटिश बनावटीचे यंत्र आले. तो भारतातील पहिला अंकीय संगणक होय. त्यानंतर काही वर्षांत सोव्हिएत बनावटीचा ‘उरल’ही तेथे दाखल झाला. काचेच्या इलेक्ट्रॉन नळ्यांवर चालणारी ती यंत्रे स्वतःच भट्टीसारखी तापत; अशा यंत्रासाठी थंड, धूळविरहित खोली ही चैन नसून अट असे. त्या काळी यंत्रासाठी हवा बदलली जाई. लॅपटॉपने हा क्रम उलटा केला. आता यंत्र तेच राहते आणि त्याच्याभोवतीची हवा दिवसातून चार वेळा बदलते : वातानुकूलित कार्यालय, घामट रस्ता, मेट्रो, पुन्हा घर.

या बदलत्या हवेतच पहिला धोका दडलेला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या हवेचा दवबिंदू २६-२७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. याचा अर्थ, त्याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर हवेतील बाष्पाचे पाणी होते. दिवसभर २२-२३ अंशांच्या खोलीत राहिलेला लॅपटॉप बाहेर आणून लगेच उघडला, तर त्यावर दव धरणारच. शाखेतून रस्त्यावर पाऊल टाकताच चष्म्याच्या काचा धुरकटतात, हा कोलकात्यात बदलून गेलेल्या प्रत्येक मराठी अधिकाऱ्याचा पहिल्याच पावसाळ्यातील अनुभव असतो. काचा रुमालाने पुसता येतात. सर्किट बोर्डावर धरलेले दव मात्र कोणी पुसत नाही, आणि त्याच अवस्थेत यंत्र सुरू केले जाते. उपाय अगदी साधा आहे. बाहेरून आल्यावर, अथवा थंड खोलीतून उकाड्यात गेल्यावर, लॅपटॉप अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्यावा. पिशवीतील हवा सावकाश तापते, यंत्रही सावकाश तापते, आणि दव धरण्याचा प्रसंग टळतो. बहुतेक उत्पादक आपल्या पुस्तिकेत तापमानाची कमाल मर्यादा ३५ अंश देतात आणि आर्द्रतेच्या आकड्यापुढे ‘दव न धरणारी’ अशी अट घालतात. ही अट सहसा कोणी वाचत नाही.

दुसरा धोका अधिक संथ, म्हणूनच अधिक फसवा. हवेत गंधकयुक्त वायू असले की तांबे आणि चांदी काळवंडते. देवघरातील चांदीच्या निरांजनावर हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले असते. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर तांब्याच्या अतिसूक्ष्म रेषा असतात. त्यांवर चढलेला सल्फाइडचा काळा थर पसरत जाऊन शेजारच्या रेषेपर्यंत पोहोचला, की नको तेथे विद्युतमार्ग जुळतो. २००६ पासून युरोपीय नियमांमुळे इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील शिसे हद्दपार झाले. पर्यावरणाच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु शिसेमिश्रित मुलाम्याऐवजी काही ठिकाणी चांदीचा मुलामा आला आणि गंधकाला नवे भक्ष्य मिळाले. २०१३ मध्ये चीन व भारत येथून मोठ्या संख्येने परत आलेल्या मदरबोर्डांच्या बिघाडाचे कारण शोधताना इंटेल कंपनीच्या तंत्रज्ञांना हवेतील गंधकामुळे कुरतडलेले तांबेच आढळले. यंत्रांसाठीच्या हवेचे मोजमापही ठरलेले आहे : तांब्याच्या पट्टीवर महिन्याभरात चढणारा गंजाचा थर ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असेल तर ती हवा सौम्य मानतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. एवढ्या थोड्या गंजाची दखल घ्यावी लागते यातच सारे आले.

हुगळीपलीकडील हावड्यात ओतकामाचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. तेथील लहान कारखान्याचा हिशेबनीस भट्टीपासून पंधरा पावलांवर लॅपटॉप मांडून बसत असेल, तर त्याच्या यंत्राचे आयुष्य कागदावरच्या तीन वर्षांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. हीच गोष्ट सांगलीकडच्या ग्राहकांनाही लागू पडते. विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून देशभर पसरलेल्या गलाई व्यावसायिकांच्या दुकानांत सोने-चांदी शुद्ध करताना नायट्रिक आम्लाच्या वाफा निघतात. वजनकाटा आणि लॅपटॉप त्या वाफांपासून दूर, वेगळ्या खोलीत असावेत. दार हे येथे सर्वांत स्वस्त विमापत्र ठरते.

धूळ आणि दमटपणा यांची युती तिसरी. शहरातील धुळीत क्षार असतात. ते हवेतील ओलावा शोषून घेतात आणि कोरडी असताना निरुपद्रवी असलेली धूळ ओली होताच वीज वाहू लागते. हीच धूळ पंख्यामागील धातूच्या पात्यांवर गालिच्यासारखी बसते, उष्णता आत कोंडते, यंत्र आपला वेग आपणच कमी करते, आणि ‘लॅपटॉप जुना झाला’ असा निष्कर्ष काढून नवा घेण्याची चर्चा घरात सुरू होते. पुष्कळदा वर्षातून एकदा तंत्रज्ञाकडून पंखा साफ करून घेणे पुरेसे असते. बंद कपाटात ठेवलेले यंत्र सुरक्षित असते हा समजही तपासून पाहावा. दुर्गापूजेच्या सुटीत लोखंडी कपाटात आठ-दहा दिवस पडून राहिलेल्या यंत्रापेक्षा रोज तासभर चालणारे यंत्र अधिक कोरडे राहते, कारण त्याची स्वतःचीच ऊब ओलावा हाकलते. कपाटात ठेवणे अटळच असेल तर सोबत सिलिका जेलची पुडी असावी. निळे दाणे गुलाबी झाले की ती भरली असे समजावे.

बॅटरीला मात्र ऊब मुळीच मानवत नाही. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या स्थितीत २५ अंशांवर वर्षभर ठेवली तर तिची सुमारे ८० टक्के क्षमता उरते; ४० अंशांवर ती सुमारे ६५ टक्क्यांवर येते. तीच बॅटरी ४० टक्के भरून ठेवली, तर ४० अंशांतही सुमारे ८५ टक्के टिकते. दिवसभर चार्जर लावून ठेवण्याची सवय असणाऱ्यांनी लॅपटॉपमधील ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय वापरावी.

विजेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी कालबैशाखीचे वादळ उठते तेव्हा चार्जर आणि इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवावीत. केवळ चार्जर काढणे हे पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवण्यासारखे आहे.

मग अशा परिस्थितीसाठी घडवलेलीच यंत्रे घेऊ नयेत काय? असा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला होता. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट येथील लहानशा शाळेत २००७ मध्ये ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे ‘एक्सओ’ लॅपटॉप मुलांच्या हाती आले. त्या यंत्राची रचना पाहिली की टिकाऊपणाचे मर्म कळते. त्यात पंखा नव्हता, म्हणून धूळ आत ओढली जात नव्हती. फिरती हार्ड डिस्क नव्हती, म्हणून आदळआपट सोसत होती. कीबोर्ड रबरी पडद्याखाली बंद होता, पडदा भर उन्हात वाचता येत होता, आणि वायरलेसचे दोन ‘कान’ मिटले की बाजूची छिद्रे झाकली जात. शंभर डॉलरचे उद्दिष्ट प्रत्यक्षात दोनशेच्या जवळ गेले आणि प्रकल्प पुढे ओसरला. तथापि, जे भाग सर्वांत आधी बिघडतात तेच वगळावेत, हा त्यामागील विचार खरा ठरला. आज सामान्य लॅपटॉपमध्येही फिरत्या डिस्कची जागा एसएसडीने घेतली आहे. फिरत्या डिस्कचे वाचनटोक हवेच्या पातळ थरावर तरंगते, म्हणून तिची कार्यमर्यादा साधारणतः ३,००० मीटर उंचीपर्यंतच दिलेली असते. ३,६३६ मीटरवरील संदकफूला जुना लॅपटॉप घेऊन जाणाऱ्या हौशी बंगाली गिर्यारोहकांनी हे ध्यानात घ्यावे.

बाजारातील जाहिरातींत ‘मिल-एसटीडी-८१०’ हे अमेरिकी लष्करी प्रमाण ठळकपणे छापलेले असते. त्याची पहिली आवृत्ती १९६२ ची. त्यात पडणे, कंपने, आर्द्रता, धूळ अशा अनेक स्वतंत्र चाचण्या आहेत आणि त्यांपैकी कोणत्या घ्यायच्या हे उत्पादक ठरवतो. प्रमाणपत्र देणारी लष्करी संस्था त्यामागे नसते. म्हणून ‘लष्करी दर्जा’ या शब्दांवर न थांबता, आर्द्रतेची चाचणी झाली आहे काय, असे विक्रेत्याला विचारावे. त्याहून सरळ खूण म्हणजे ‘आयपी’ क्रमांक : पहिला अंक धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. आयपी ६५ म्हणजे धूळ पूर्ण रोखणारे आणि पाण्याचा फवारा सोसणारे उपकरण. सुंदरबनात फिरणाऱ्या बँक प्रतिनिधीला ते खरोखर लागते. एकेकाळी युनायटेड बँक ऑफ इंडियाच्या दोन तरंगत्या शाखा मोटारलाँचवरून तेथील बेटाबेटांवर जात असत. ती बँक एप्रिल २०२० मध्ये पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाली. भिजलेली कागदी खातेवही उन्हात वाळवता येते. खाऱ्या पाण्यात पडलेल्या यंत्राला ती सवलत नाही. परंतु कार्यालयात बसून काम करणाऱ्याने सामान्य यंत्राच्या कित्येक पट किंमत मोजून असे यंत्र घेणे व्यर्थ होय.

त्यापेक्षा वर्षाचा खर्च मांडून पाहावा. समजा, ४५,००० रुपयांचा लॅपटॉप तीन वर्षे टिकला, तर वर्षाला १५,००० रुपये पडले. त्याच यंत्रावर वाढीव हमीचे ५,०००, बाहेरील डिस्कचे ४,०००, चार वेळच्या साफसफाईचे ४,००० आणि एका नव्या बॅटरीचे ४,००० खर्चून ते पाच वर्षे चालवले, तर एकूण ६२,००० होतात आणि वर्षाला १२,४००. शिवाय त्या डिस्कवर माहितीची प्रत राहते, जिची किंमत या हिशेबात धरलेलीच नाही.

विम्याच्या बाबतीत ग्राहकांचा सर्वाधिक अपेक्षाभंग होतो. हमी उत्पादनातील दोषाची असते. पाणी सांडणे, विजेचा झटका हे सहसा तिच्या बाहेर राहतात. इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा विमा आग, चोरी, अपघात यांना धावून येतो, परंतु ‘झीज आणि क्रमशः होणारा ऱ्हास’ वगळतो. दमट हवेने दोन वर्षांत कुरतडलेला बोर्ड नेमका याच कलमात सापडतो. पुराचे पाणी हा अपघात आहे, पावसाळा हा अपघात नाही.

आणि पाणी कोलकात्यात येतेच. २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळ शहरावर आदळले तेव्हा टाळेबंदी चालू होती, घराघरांत लॅपटॉप हेच कार्यालय झाले होते, आणि कित्येक भागांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी तळमजल्यावर जमिनीलगत ठेवलेले यंत्र प्रथम जाते. २६ जुलै २००५ नंतर मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको. भिजलेला लॅपटॉप ‘चालतो का पाहू’ म्हणून सुरू करणे हीच सर्वांत मोठी चूक. तो लगेच बंद करावा, चार्जर काढावा, उघडून तंबूसारखा पालथा ठेवावा आणि न सुरू करता तंत्रज्ञाकडे न्यावा. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने गढूळ पाण्यातील क्षार बोर्डावरून निघत नाहीत. ते धुऊनच काढावे लागतात.

कोलकात्यात अशी दुरुस्ती म्हटले की पावले चांदनी बाजाराकडे वळतात. तेथील कारागीर भिंगाखाली एकेक जोड पुन्हा सांधतात आणि कंपनीने टाकाऊ ठरवलेला बोर्डही कधीकधी जिवंत करतात. यंत्र त्यांच्या हाती देण्यापूर्वी दुसऱ्या उपकरणावरून नेट बँकिंग व ई-मेलचे पासवर्ड बदलावेत, आणि एसएसडी सुटी काढता येत असेल तर ती काढून घरीच ठेवावी. बोर्ड दुरुस्त करण्यासाठी कारागिराला तिच्यातील माहितीची गरज नसते.