आधी ओढा, मग रस्ता

पुण्याभोवतालच्या गावांचे जमीन-वापराचे नकाशे करण्यात माझी तीसेक वर्षं गेली. त्यातलं हे पाच गोष्टींचं शहाणपण.

१. शिवार पायी फिरल्याशिवाय नकाशाला हात लावू नये. कात्रजच्या बाजूला एका शेतात आमच्या कागदावर आंबिल ओढा नुसती रेघ होता. तिथल्या आजोबांनी मला बांधावरच्या बाभळीपाशी नेलं. बुंध्यावर कमरेइतक्या उंचीवर गाळ वाळून चिकटला होता. "साहेब, पाणी इथवर येतं. तुम्ही उन्हाळ्यात मोजणी करता, मग ओढा दिसणार कसा?" मी वहीत टिपून घेतलं, पण रेघ तशीच ठेवली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तोच ओढा खाली पुण्यात भिंती पाडत वस्त्यांत शिरला, माणसं गेली. त्या रात्रीपासून ती बाभूळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

२. आराखडा पाणलोटाचा हवा, हद्दीचा नव्हे. कात्रजच्या डोंगरात पडलेला पाऊस याच ओढ्यानं मुठा नदीला जातो; वरच्या गावानं काठ बुजवला, तर भोगतं खालचं शहर. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. पण शेतं तोवर गुंठ्या-गुंठ्यानं विकली गेली होती. जिथं आगीचा बंब वळत नाही, अशा बोळात ड्रेनेजची लाइन टाकायची कुठून? गाव शहरात यायच्या आधीच रस्ते आणि ओढे राखून ठेवायला हवेत.

३. एकाच्या सात-बाऱ्यावर आरक्षण पडतं आणि शेजाऱ्याच्या जमिनीला सोन्याचा भाव येतो, हा अन्याय मी शेतकऱ्यांच्या डोळ्यांत पाहिलाय. म्हणून मला नगररचना योजना पटते. रस्ते, शाळा, बागा यांसाठी सगळ्यांनीच थोडी-थोडी जमीन सोडायची. उरलेली नीट आकाराचे प्लॉट पाडून मूळ मालकांना परत. मुंबई इलाख्यात यासाठी १९१५ मध्येच कायदा झाला होता. मगरपट्ट्यात तर शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनी एकत्र करून स्वतःच वसाहत उभी केली. वाट वेगळी, पण विश्वास तोच.

४. टेकड्या मोकळ्या सोडा. तिथं पाणी मुरतं.

५. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. दोन्ही पाहाव्यातच. पण गावात गेल्यावर मी आधी म्हाताऱ्या माणसांना विचारतो, मोठ्या पुरात पाणी देवळाच्या कितव्या पायरीला लागलं होतं? मग टेप काढून ती पायरी मोजतो.