सहसंबंधालाही कोन असतो

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, म्हणजे ४३५ जोड्या. प्रत्येक जोडीतल्या सिग्नलांचा सहसंबंध काढायचा आणि त्यातून आकाशाचं चित्र उभं करायचं. हे सिग्नल कॉम्प्लेक्स असतात, म्हणून सहसंबंधही कॉम्प्लेक्स येतो. त्याचा आकार साम्य किती ते सांगतो, आणि फेजमध्ये, म्हणजे त्याच्या कोनात, स्रोताची जागा दडलेली असते. अशा सिग्नलांवर नमपाय आणि मॅटलॅबमध्ये काम करताना मनात पक्कं बसलेलं थोडं काही:

१. एकाचा कॉन्जुगेट घ्यायलाच हवा. नुसत्या गुणाकारात फेजची बेरीज होते. कॉन्जुगेट घेतला की वजाबाकी होते, आणि आपल्याला फरकच हवा असतो. नमपायचं 'डॉट' कॉन्जुगेट घेत नाही, 'व्हीडॉट' घेतं. मॅटलॅबमध्ये मॅट्रिक्स आडवी-उभी करताना नुसतं अवतरणचिन्ह दिलं तर कॉन्जुगेटही होतो. त्याआधी टिंब दिलं तर होत नाही.

२. कॉन्जुगेट कुणाचा घेतलाय हेही पाहावं. नमपायचं 'कॉरकोएफ' दुसऱ्या सिग्नलचा घेतं, मॅटलॅबचं पहिल्याचा. आकार तोच येतो, फेजचं चिन्ह मात्र उलटं. गणित दोघांचंही बरोबर. पण दुर्बिणीच्या नकाशात हे चिन्ह फिरलं, तर पूर्वेचा स्रोत पश्चिमेला जाऊन बसतो.

३. खऱ्या भागांचा वेगळा, काल्पनिक भागांचा वेगळा सहसंबंध काढून सरासरी घेण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. एक सिग्नल दुसऱ्याच्या ९० अंश पुढे असेल, तर गोंगाटासारख्या सिग्नलांत हे दोन्ही आकडे शून्याजवळ येतात. प्रत्यक्षात साम्य पुरेपूर, १ असतं.

४. दोन सिग्नलांमधला विलंब शोधताना सहसंबंधाचं शिखर आकारावरून निवडावं. कॉम्प्लेक्स आकड्यांतला कमाल शोधताना मॅटलॅब आकार पाहतं, नमपाय आधी खरा भाग.

५. सगळ्यात जास्त विचार लागतो तो सरासरी किती वेळ घ्यायची याचा. दोन सिग्नलांच्या फ्रिक्वेन्सीत फक्त १ हर्ट्झचा फरक असला, तरी एका सेकंदात त्यांच्यातली फेज पूर्ण वर्तुळ फिरते आणि सरासरी शून्यावर येते. साम्य कमी झालेलं नसतं, बेरजेत वेगवेगळ्या फेजचे आकडे एकमेकांना खोडतात. खोडदला पृथ्वीच्या फिरण्यामुळेच हे घडत राहतं: अँटेनांमधला विलंब सतत बदलतो, त्याबरोबर फेजही. म्हणून तो बदल आधी गणिताने काढून टाकतात आणि मगच सरासरी घेतात. लांब नोंदीचा सहसंबंध कमी आला, तर मी तिचे तुकडे पाडून प्रत्येकाची फेज क्रमाने काढून पाहतो. ती सरळ रेषेत सरकत असेल, तर दोष साम्यात नाही, घड्याळात किंवा फ्रिक्वेन्सीत आहे.

६. सहसंबंधाचा आकार कधीच ऋण नसतो. काहीही नातं नसलेल्या दोन सिग्नलांचे १०० स्वतंत्र नमुने घेतले, तरी ०.१ च्या आसपास आकडा येतो. त्याला शोध मानू नये.

७. रिसीव्हरच्या आय (खरा भाग) आणि क्यू (काल्पनिक भाग) या वायरींची अदलाबदल झाली, की सिग्नलचा कॉन्जुगेट होतो, वर ९० अंशांचं वळण. मग नातं शंभर टक्के असूनही सहसंबंध शून्य दिसतो. अशा वेळी पहिला नियम बाजूला ठेवून मी एकदा कॉन्जुगेट न घेता गुणून पाहतो. आकार १ च्या जवळ गेला, तर कोड तसाच ठेवून वायरी तपासायला उठतो.