पालातली चूल : घरी करावी की विकत आणावी?



गळीत हंगाम तोंडावर आला की आपण तोडीची तारीख, ट्रॅक्टरचा नंबर, वजनकाटा यांची चौकशी करतो. बांधावर पाल ठोकून चार-पाच महिने राहणारी टोळी कशावर रांधते, हे मात्र कोणी बघत नाही. आपल्या लोणार, सिंदखेडराजा तालुक्यांतूनही कितीतरी जोड्या कोयता घेऊन परमुलखात जातात, तेव्हा हा संसार आपल्याला परका नाही.

दोन हंगामांमागे आमच्या शिवारात पहाटे एक पाल पेटलं. तीन दगडांची चूल दाराशीच होती. वारा फिरला आणि ठिणगी पाचटावर गेली. माणसं वाचली, पण दाणागोटा आणि लेकरांची पांघरुणं गेली. शेजारचा ऊसही जळाला. तेव्हापासून आम्ही या चुलीच्या मागे लागलो.

आधी हिशेब बघू. पाच लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला ३७५ किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळल्या लाकडात साधारण ३५०० ते ४००० किलोकॅलरी असतात. म्हणजे शंभर ग्रॅम काडीत काम व्हायला पाहिजे. तीन दगडांच्या चुलीत पाऊण किलोच्या आसपास जातं, कारण दहातला जेमतेम सव्वा भाग भांड्याला लागतो. बाकीचा वाऱ्याला आणि धूर होऊन बाईच्या डोळ्यांत.

लॅरी विनियार्स्की या अमेरिकन माणसाने १९८० च्या दशकात जी रॉकेट चूल बसवली, ती आपल्या गावात सहज होते. पंधरा किलो तेलाचा चौकोनी डबा घ्या. आत चार इंच चौकोनी पत्र्याचं नळकांडं कोपरासारखं बसवा : आडवं तोंड खाली बाजूने बाहेर, उभा भाग वरपर्यंत. उभा भाग तोंडाच्या तिप्पट, म्हणजे बारा इंच. तोंडात पत्र्याची फळी टाका. काड्या फळीवर, हवा फळीखालून. पुष्कळ जण ही फळी विसरतात आणि मग चूल धुरकटते. भांडं नळकांड्याच्या वर एक इंच उचललेलं हवं. चार इंच तोंडाचा चौथा हिस्सा, एवढंच माप लक्षात ठेवा. कमी ठेवलं तर जाळ कोंडतो, जास्त ठेवलं तर ऊब निसटते.

डबा आणि नळकांडं यांच्या मधल्या जागेत राख भरायची. माती किंवा वाळू नको. ती जड असते आणि उष्णता आधी स्वतः पिते. लाकडाची राख चांगलीच, बॉयलरची चाळलेली राखही चालते. चाळताना तोंडाला फडकं बांधा. टोळी हलली की राख ओतून द्यायची आणि दोनेक किलोचा रिकामा डबा गाडीत टाकायचा. नव्या जागी राख मिळतेच.

जळण म्हणून तुराट्या, पऱ्हाट्या उत्तम. गोवरीला ही चूल मानत नाही. पाचट तर घालूच नका, भडकून उडतं.

आमची फजिती झाली ती भाकरीवर. टोळीतल्या मावशीने दुसऱ्याच दिवशी डबा बाजूला सारला. “मधी करपते, कडंला कच्ची. अन् शेकू कुठं? निखाराच नाही.” खरंच होतं. जाळ एकाच जागी लागतो, निखारा थोडा पडतो. शिवाय चौदा इंच उंच चुलीपुढे बसून भाकरी टाकता येत नाही. मग आम्ही डबा जमिनीत अर्धा फूट पुरला, तोंडापुढे चर खणला आणि जाड तवा दिला. डबा हलायचा थांबला आणि भाकरीही बरी झाली. तरी शेवटी ती भाकरी बाजूच्या निखाऱ्यावरच शेकायची. डाळ, भात आणि अंघोळीचं पाणी मात्र डब्यावर.

आता विकतचं. १९८३ साली सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, २००२ मध्ये तो बंद झाला. आज कंपन्यांच्या स्टीलच्या चुली मिळतात. घेताना आय.एस. १३१५२ चं मानक आहे का विचारा. त्यात पंख्याशिवायच्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला ३५ टक्के कार्यक्षमता सांगितली आहे. पंख्याची चूल उजवी, पण पालात वीज कुठली? चार्जिंग संपलं की ती शोभेची वस्तू. बिनपंख्याची घेतली तर स्टील टिकतं. आमच्या डब्याचं नळकांडं एका हंगामात चाळण झालं, पण बदलायला फार लागलं नाही.

आमचं मत विचाराल तर एका जोडीने डबाच करावा. टोळीच्या मुकादमाने किंवा मळेवाल्याने चार-पाच वर्षांच्या हिशेबाने घ्यायची तर विकतची घ्यावी, मात्र भाकरी थापणाऱ्या बाईला आधी दाखवून.

जाता जाता पाचटाबद्दल. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, पाचटाचा कोळसा करून कांड्या पाडल्या. २००२ साली त्यांना त्यासाठी ॲशडेन पुरस्कार मिळाला. ज्याने पाल पेटतं त्याचंच हे बिनधुराचं जळण. पण कोळशाचा विस्तव पालात ठेवून ताडपत्री बंद करू नका. धूर दिसत नाही, तरी विषारी वायू असतो आणि झोपेतच घात होतो.

चूल कुठलीही असो, पालापासून दहा-बारा पावलं वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडा, भोवतीचं पाचट झाडून घ्या आणि शेजारी पाण्याची घागर भरून ठेवा. जागा आपण मळेवाल्यांनीच टोळी उतरायच्या आधी साफ करून द्यावी. तासाभराचं काम आहे.